शून्य कोनं पाह्यलं?

कुणी मला "काल तिकडं धो धो पाऊस झाला" असं सांगितलं, की आजही माझ्या तोंडून आपोआप निघतं, "पाहिला का ऐकला?" समोरचा माणूस चमकतो. घरची मंडळी हसतात; म्हणतात, म्हातारा पुन्हा कचेरीत गेला. पण हा प्रश्न माझा नाही. तो आमच्या तहसील कचेरीतल्या रेकॉर्डबाबूंचा. पन्नाशीकडे झुकलेला, हाडकुळा, काळी टोपी आणि बंद गळ्याचा कोट घालणारा माणूस. कचेरीतली सगळी जुनी-नवी दप्तरं त्यांच्या ताब्यात असत, म्हणून सगळे त्यांना रेकाडबाबू म्हणत. मी बाबूजी म्हणायचो. ते मला नवेबाबू म्हणत, कारण मी नवा होतो, आणि मी जुना झाल्यावरही त्यांनी ते नाव बदललं नाही.

गावाचं नाव सांगत नाही. कचेरी अजून तिथंच आहे, आणि या गोष्टीतली चूक कचेरीतच झाली होती. वाशीमहून सर्व्हिस मोटरनं दोन तास, एवढं पुरे. आमचा मुलूख नुकताच नागपूरच्या राज्यातून मुंबईच्या राज्यात गेला होता आणि रोज नवे फॉर्म येत होते. आम्ही सगळे त्या फॉर्मांना शिव्या देत होतो. बाबूजी मात्र प्रत्येक फॉर्म आल्याची तारीख आणि वेळ कोपऱ्यात टिपून ठेवत.

"पाह्यलं का ऐकलं?" हा प्रश्न ते कुणालाही विचारत. चपराशी धापा टाकत आला आणि म्हणाला, "बाबूजी, खालच्या गल्लीतला म्हातारा गेला," तर बाबूजी दु:ख करण्याआधी विचारणार, "पाह्यलं का ऐकलं?" एकदा त्यांचं हे विचारणं कामाला आलं. म्हातारा गेलाच नव्हता; फक्त मुलीच्या घरी राहायला गेला होता. दोन दिवसांनी तो स्वत:च कचेरीत कसलासा दाखला मागायला आला तेव्हा चपराशी खांबामागं लपला. बाबूजींनी म्हाताऱ्याला दाखला दिला आणि चपराशाकडं बघितलंसुद्धा नाही. तीच त्यांची थट्टा करायची पद्धत होती.

बारा महिने त्यांच्या हातात छत्री असे. वैशाखात, ज्या उन्हात कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसतात त्या उन्हात, हा गृहस्थ मिटलेली छत्री काखेत धरून चालला आहे! उघडायची तर निदान सावली तरी. पण नाही. ती पाण्यासाठी. मी एकदा म्हटलं, "बाबूजी, मे महिन्यात कुठला पाऊस?" ते म्हणाले, "नाई येत. पन ते तुमाले माईत हाये का तुमाले वाटते?"

एका उन्हाळ्यात अकोल्याहून तपासणीला बडे साहेब आले होते. त्यांनी आमचं हजेरीबुक उघडलं आणि एका पानावर थांबले. बाबूजींच्या नावापुढं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, "दुपारी २-१० ते २-२५ झोपलो." आमच्या तहसीलदारांचा चेहरा पडला. बड्या साहेबांनी बाबूजींना बोलावून विचारलं, "रोज झोपता काय?" बाबूजी म्हणाले, "नाई साहेब. ज्या दिवशी झोपलो त्या दिवशी लेहलं हाये." साहेबांनी मागची पानं चाळली. वर्षात चारदा. मग त्यांनी आम्हा बाकीच्यांकडं पाहिलं आणि थंडपणे विचारलं, "आणि तुम्ही कोणीच कधी झोपत नाही?" आम्ही सगळे जमिनीकडं बघत उभे राहिलो. त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला होता, हे कबूल करतो.

घरीही तेच. मी एकटा राहत होतो म्हणून काकू कधीमधी जेवायला बोलावत. वाढता वाढता त्या म्हणाल्या, "आमच्या लग्नात अक्षदा अकरा मिनिटं उशिरा पडल्या. कायले, तं यायच्या मामाची चप्पल सापडेना. यायनं पंचांगाच्या पानावर लेहून ठेवलं! नवरदेवाच्या वेषात! अजून मले ते पान दाखवतात." बाबूजी भात कालवत शांतपणे म्हणाले, "बारा. घड्याळ एक मिनिट मांगं होतं." काकूंनी कपाळाला हात लावला, पण त्यांना हसू येत होतं.

आता डब्याबद्दल सांगतो. बाबूजींच्या टेबलाच्या खणात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता आणि त्यात छोटे चाकू, दाढीच्या पत्त्या, खरखरीत खोडरबर असला ऐवज भरलेला होता. त्या काळी शाईचं चुकलेलं अक्षर चाकूच्या टोकानं किंवा पत्तीनं हलक्या हातानं खरवडायचं, त्यावर नखानं घासायचं आणि वर नवं अक्षर लिहायचं, अशी सगळीकडच्या बाबूलोकांची चाल होती. हात बसलेला असला की बघणाऱ्याला पत्ता लागत नसे. बाबूजींना लागत असे. ते प्रत्येक पान उचलून खिडकीच्या उजेडात आडवं धरत. खरवडलेल्या जागी कागद पातळ होतो आणि तिथून उजेड येतो. मग ते त्या माणसाकडं जाऊन हात पुढं करत. चाकू मिळाला की त्याला चिठ्ठी बांधत, चिठ्ठीवर नाव, तारीख आणि "वापरला" असं लिहून डब्यात टाकत. माणसाची बदली झाली की त्याचा चाकू परत. तहसीलदारांपुढं कागद वाचणाऱ्या वाचक-कारकुनाचा हस्तिदंती मुठीचा चाकूसुद्धा त्या डब्यात होता, आणि तो बिचारा बदलीची वाट पाहत होता.

चुकलं तर काय करायचं, याचा त्यांचा एकच नियम. चुकलेल्यावर एक रेघ ओढायची, तीही अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते लिहायचं, कारण लिहायचं, सही करायची. "चूक झाकली की तिचा गुन्हा होते," असं ते म्हणत. मला ते तेव्हा म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं.

कचेरीच्या मागच्या अंगणात, तारेच्या छोट्या कुंपणात पर्जन्यमापक होता. तांब्याचं नरसाळं, आत बाटली, आणि पाणी मोजायची रेघांची काच. रोज सकाळी आठला कुलूप काढायचं, बाटलीतलं पाणी काचेत ओतायचं, इंच आणि सेंट, म्हणजे इंचाचे शंभरावे भाग, रजिस्टरात लिहायचे. पाणी नसलं तर शून्य. ते काम बाबूजींचं होतं. रविवार असो, सण असो, ते आठला तिथं हजर. आणि पाऊस नसलेल्या दिवशीही ते नरसाळं उचलून आत बघितल्याशिवाय शून्य लिहीत नसत. आम्ही त्यांच्या मागं हसायचो. कोरड्या ठणठणीत आभाळाखाली एक माणूस रिकाम्या बाटलीत डोळा घालून उभा!

माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष चालू होतं. नोकरी अजून कच्ची होती. त्या हिवाळ्यात बाबूजींच्या मुलीचं अकोल्याला बाळंतपण निघालं आणि कधी नव्हे ते त्यांनी आठ दिवसांची रजा घेतली. जाताना पर्जन्यमापकाची किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाले, "आठाले. पाहून."

पाच दिवस मी इमानानं गेलो. रोज शून्य. मग केनवडहून, माझ्या गावाहून निरोप आला, हुरड्याला ये. हिरवी कोवळी ज्वारी, गोवऱ्यांची आगटी, लसणाची चटणी, सगळे चुलतभाऊ. रविवार होता, पुढं सोमवार-मंगळवार सुट्टी होती. आभाळ असं स्वच्छ की डोळे दुखावेत. शनिवारी दुपारी मी रजिस्टर उघडलं आणि रविवार, सोमवार, मंगळवार अशी तीन शून्यं आधीच टाकून दिली. सुबक काढली होती. खाली सह्याही केल्या. मग वाशीमची मोटर पकडली.

केनवडला टिपूस पडला नाही. तिन्ही दिवस मी हुरडा खाल्ला आणि मजेत झोपलो. मंगळवारी दुपारी परत आलो, मोटरमधून पाय खाली ठेवला आणि घोट्यापर्यंत चिखलात गेलो. "हे काय?" मी विचारलं. मोटर-स्टँडवरचा पानवाला म्हणाला, "कुठं होते बाबू? रविवारी दिवस बुडता पानी आलं, असं आलं का इचारू नका. पत्रे उडाले!"

मी धावत कचेरीत गेलो, कुलूप काढलं. एक इंच त्र्याऐंशी सेंट. काच उजेडात धरून मी रेघा पुन्हा मोजल्या. पाणी निवळशंख होतं. तीन शून्यांखाली माझ्याच सह्या होत्या.

त्या संध्याकाळी मी दुकानातून दाढीची पत्ती आणली. बुधवारी सकाळी कुणी यायच्या आत रेकॉर्डच्या खोलीत बसलो, रजिस्टर उघडलं. सोमवारच्या सकाळचं शून्य खरवडायचं आणि तिथं एक इंच त्र्याऐंशी लिहायचं. पाऊस रविवारी संध्याकाळी पडला, म्हणजे सोमवारी सकाळी मोजला असता. जवळजवळ खरंच की! पत्ती कागदावर टेकवली, आणि दारात छत्री दिसली.

बाबूजींची रजा आदल्या दिवशी संपली होती. आठ वाजले होते. आठाला पाणी मोजायचं असतं, हे मी सोडून सगळ्यांच्या लक्षात होतं.

त्यांनी हात पुढं केला. मी पत्ती दिली. त्यांनी रजिस्टर उचललं, खिडकीकडं नेलं, पान उजेडात आडवं धरलं, बराच वेळ बघितलं. मग रजिस्टर खाली ठेवून शून्यांवर बोट ठेवलं.

"हे शून्य कोनं पाह्यलं?"

"कोणी नाही, बाबूजी."

"मंग लेहलं कोनं?"

"मी."

मी सगळं सांगून टाकलं, हुरड्यासकट. शेवटी म्हणालो, "आता सोमवारच्या रकान्यात एक त्र्याऐंशी लिहू द्या. सगळं गाव सांगतंय, रविवारीच आला."

"गाव सांगते तं गाव सांगीन. तुमी काय पाह्यलं?"

"मंगळवारी दुपारी बाटलीत पाणी पाहिलं."

"मंग तेवढंच लेहा. अन् बाकीचं पाह्यलं नाई, हेबी लेहा. पाह्यलं नाई हेबी एक नोंदच हाये, नवेबाबू."

"नोकरी जाईल, बाबूजी. कच्ची आहे."

मला वाटलं, ते म्हणतील, नाही रे, जात नाही. ते म्हणाले, "जाऊ शकते." मग चिठ्ठी लिहून पत्तीला बांधली, डब्यात टाकली, माझ्याकडून किल्ली घेतली आणि अंगणात पाणी मोजायला निघून गेले. मी तिथंच बसून राहिलो. सकाळभर माझ्या हातून काहीही लिहिलं गेलं नाही. मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणालो ते इथं लिहीत नाही.

दुपारी एक बाई नकलेचा अर्ज घेऊन आली. कचेरीबाहेरच्या अर्जनविसाकडून लिहून आणलेला. रामजी गाडीवानाची बायको. डोळे सुजलेले. मी अर्ज वाचला, मग पुन्हा एकदा वाचला. तिला रविवार ते मंगळवारच्या पावसाच्या नोंदीची सही-शिक्क्याची नक्कल हवी होती.

"कशाला पाहिजे बाई?"

"मालकाले वाशीमले नेलं जी पोलिसानं," ती म्हणाली. "टेसनावरून मिठाची पोती घेऊन येऊन राह्यले होते. रविवारी नाल्याजवळ पानी लागलं. गाडी फसली. मीठ सारं इरघळून गेलं, अकरा पोत्यायचं. मिठाचा शेठ म्हन्ते, तू मीठ इकलं अन् पोती नाल्यात बुडवून आनली. वाशीमले तं टिपूस नाई पडला, मंग त्यायले खरं कसं वाटीन? वकील म्हनला, तहसिलीच्या कागदावर पानी असन तं मानूस सुटन." ती माझ्याकडं बघत राहिली. "कागदावर पानी हाये नं, बाबू?"

कागदावर तीन शून्यं होती. मीठ विरघळून गेलेलं, म्हणजे पुरावाही विरघळून गेलेला. उरला होता तो माझा कागद, आणि तो सांगत होता की रामजी चोर आहे.

मी बाबूजींकडं पाहिलं. ते टेबलावर मान घालून काहीतरी लिहीत होते. त्यांनी वर बघितलं नाही, आणि तेच बरं झालं. मी रजिस्टर काढलं. तिन्ही शून्यांवर एकेक रेघ ओढली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं: "ही शून्ये न पाहता आगाऊ लिहिली. मी गावी होतो. तिन्ही सकाळी मोजणी झाली नाही. मंगळवारी दुपारी साडेतीनला बाटलीत एक इंच त्र्याऐंशी सेंट पाणी प्रत्यक्ष पाहिले." सही केली. मग रजिस्टर काखेत मारून तहसीलदारांच्या खोलीत गेलो.

तहसीलदारांनी दोनदा वाचलं. "तुम्हाला समजतं का, हे तुम्ही स्वत:च्या हातानं काय लिहिलं आहे?" ते ओरडले. "हेडक्वार्टर सोडलं, खोटी नोंद केली, आणि वर कबुलीजबाब!" माझ्यामागून बाबूजींचा आवाज आला, ते कधी येऊन उभे राहिले होते मला कळलंच नाही. "साहेब, पान खरवडलेलं नाई. मी उजेडात पाह्यलं." एवढंच बोलले. माझ्या बाजूनं एक शब्द जास्त नाही. माझ्या नोकरीचा निर्णय खटला झाल्यावर, असं साहेबांनी सांगितलं, आणि बाईला नक्कल मिळाली.

वाशीमच्या कोर्टात रजिस्टर घेऊन आम्ही दोघं गेलो. बाबूजींनी ते लाल फडक्यात बांधलं होतं आणि मोटरमध्ये पूर्ण रस्ताभर मांडीवर धरलं होतं. आरोपीच्या जागी रामजी उभा होता. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो, आणि त्यानं मला नमस्कार केला. मला तो घेववेना.

शेठचा वकील मोठा हुशार होता. रजिस्टर हातात घेतल्याबरोबर त्यानं ते पान उचललं, खिडकीकडं गेला आणि उजेडात आडवं धरलं. त्या पानावर त्यानं कितीतरी वेळ डोळे फिरवले. कुठूनच उजेड आला नाही. मग तो माझ्याकडं वळला.

"म्हणजे तुम्ही न पाहता खोटं शून्य लिहिलं?"

"हो."

"मग हे पाणी कशावरून खरं?"

"ते मी पाहिलं."

"रविवारी पडलं का सोमवारी?"

"ते मी पाहिलं नाही."

तो पुढं काय विचारणार? जे उकरून काढायचं ते मीच लिहून ठेवलं होतं. मग पानवाला आला, नाल्याजवळच्या वस्तीतले दोन शेतकरी आले, आणि त्यांनी रविवारचं पाणी डोळ्यांनी पाहिल्याचं सांगितलं. मॅजिस्ट्रेट म्हणाले, ज्या कारकुनानं स्वत:विरुद्ध लिहिलं त्याच्या बाटलीतल्या पाण्यावर अविश्वास ठेवायला मला कारण दिसत नाही. रामजी सुटला.

बाहेर झाडाखाली त्याची बायको मोठ्यानं रडत होती आणि हसतही होती. रामजी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाबू, तुमी नसते तं मी गेलो असतो." मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, माझ्यामुळंच तू जाणार होतास! पण छातीवरचा धोंडा उतरला होता आणि मला साधा श्वाससुद्धा गोड लागत होता. बाबूजी छत्री काखेत धरून मोटरची वेळ टिपत उभे होते.

माझी नोकरी राहिली. कडक ताकीद मिळाली, कायम होणं सहा महिने पुढं गेलं, आणि पर्जन्यमापकाची किल्ली शिक्षा म्हणून कायमची माझ्याकडं आली. बाबूजी तरी रोज आठला येत. मी नरसाळं उचलायचो, ते लांबून बघायचे. एवढं निवांत काम मी पुढं आयुष्यात कधी केलं नाही.

दोन वर्षांनी माझी मंगरूळपीरला बदली झाली. निघायच्या दिवशी बाबूजी मोटर-स्टँडवर आले. कोटाच्या खिशातून त्यांनी माझी पत्ती काढली, चिठ्ठीसकट. मी चिठ्ठी वाचायचं टाळत होतो. डब्यातल्या बाकी सगळ्या चिठ्ठ्यांवर काय लिहिलेलं असे ते मला माहीत होतं. मग धीर करून उघडली. "नवेबाबू. दाढीची पत्ती, एक. वापरली नाही."

मी म्हणालो, "बाबूजी, हे खरं नाही. मी वापरणारच होतो. तुम्हाला यायला दोन मिनिटं उशीर झाला असता, तर मी ते शून्य खरवडलं असतं."

मोटरचा भोंगा वाजला. बाबूजींनी छत्री या काखेतून त्या काखेत घेतली.

"ते मी पाह्यलं नाई," ते म्हणाले.